पुनर्विकासात जाणारी बाग: काड्या वाचवायच्या तर रूटिंग हार्मोन खरंच लागतं का?

मृद्गंध

आमची पुण्यातली सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. दिवाळीनंतर घरं रिकामी करून द्यायची आहेत. इमारतीमागच्या पट्ट्यात सगळ्यांनी मिळून वाढवलेली बाग आहे: मोगरा, जुई, लाल जास्वंद, राणी रंगाची बोगनवेल, चाफा, कृष्णकमळ, डाळिंब, कढीपत्ता, दोन-तीन गुलाब आणि एक रायवळ आंबा. नव्या इमारतीत तिथे पार्किंग येणार, नकाशात स्पष्ट दिसतंय. झाडं उचलून नेणं शक्य नाही, पण काड्या लावून त्यांची पिल्लं तरी प्रत्येकाच्या भाड्याच्या घरी न्यावीत असं आम्ही चार-पाच बायकांनी ठरवलं आहे.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो रूटिंग हार्मोनचा, म्हणजे काडीला मुळं फुटावीत म्हणून लावायच्या औषधाचा, मोठा डबा आणा आणि सगळ्या काड्यांना लावा. दुसरा म्हणतो रसायन नको, मध, दालचिनी, कोरफड पुरे. मला स्वतःला वाटतं की सगळ्यांना एकच औषध हे बरोबर नसावं. कुठल्या झाडाला ते खरोखर लागतं, कुठल्याला नाही, आणि लागत असेल तर किती, हे अनुभवी लोकांकडून ऐकायचं आहे. पावसाळा तोंडावर आलाय, हंगाम हाच.

चिंगी

वाचतेय. आमच्या ठाण्याच्या सोसायटीचंही हेच होणार आहे पुढच्या वर्षी.

बंड्या नाना

आधी बिल्डरच्या माणसाला पाच सेकंद हार्मोनमध्ये बुडवा, म्हणजे तो तरी साइटवर मुळं धरेल आणि काम वेळेत होईल.

आजीची बाग

मृद्गंध, मी आयुष्यभर काड्या लावत आले, डबा कधी आणला नाही. आषाढात जास्वंदीची काडी मातीत खोचली की फुटते. मोगऱ्याची लोंबती फांदी वाकवून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा, बस. झाडाला जगायचं असतं, आपण फक्त आड यायचं नाही. मधात काडी बुडवावी, मध कुजू देत नाही.

काडीमास्तर

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यात रोपवाटिका चालवतो. द्राक्षाचे खुंट (ज्यांच्यावर दुसऱ्या जातीचं कलम चढवतात ती झाडं) आणि डाळिंबाची गुटी (फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या फोडून केलेलं रोप) हा आमचा धंदा, म्हणून चार शब्द.

आजी म्हणतात ते जास्वंदीला शंभर टक्के खरं. पण आमच्याकडं डॉगरीज नावाचा द्राक्षाचा खुंट असतो. पाणी कमी, जमीन खारी, तिथं हाच खुंट तगतो म्हणून महाराष्ट्रातल्या बागा त्याच्यावर उभ्या आहेत. उन्हाळ्याआधी खुंटकाडी लावायची, पावसाळा सरता सरता तिच्यावर थॉम्पसन नाहीतर दुसरी जात भरायची, अशी पद्धत. पण डॉगरीजची काडी मुळी धरायला लई नखरे करते. तिला आयबीए दिल्याशिवाय धंदा परवडत नाही. हजारांनी काड्या लावायच्या म्हटल्यावर निम्म्या जगल्या आणि निम्म्या मेल्या हा हिशेब चालत नाही.

म्हणजे संजीवक, तुमचं ते हार्मोन, लागतं का, याचं उत्तर झाडावर आणि तुमच्या गरजेवर आहे. एकच काडी आहे आणि ते झाड पुन्हा मिळणार नाही, तर वापरा. जास्वंदीच्या पन्नास काड्या फुकट मिळतात, तर कशाला पैसे घालता?

प्रश्नचिन्ह

आयबीए म्हणजे काय? दुकानात मिळणारी पावडर तीच का?

अनघा जे

वनस्पतीशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खोडातून खाली वाहत जातं. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून १८८० साली दाखवलं की उजेड शेंड्याला कळतो आणि वाकतो मात्र खालचा भाग, म्हणजे वरून खाली काहीतरी निरोप जातो. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबांचे शेंडे कापून अगारच्या तुकड्यांवर ठेवले, मग नुसते ते तुकडे कोंबावर ठेवून पाहिले, आणि तो निरोप म्हणजे एक पदार्थच आहे हे १९२८ साली सिद्ध केलं.

आता काडीकडे या. फांदी कापली की वरून येणारं ऑक्सिन कापलेल्या टोकाशी येऊन साठतं, कारण पुढे वाटच नाही. तिथल्या पेशींना ते साठणं हीच खूण असते. सालीच्या आतल्या पेशी आपलं जुनं काम सोडतात, पुन्हा विभागू लागतात आणि त्यातून मुळं निघतात. म्हणजे प्रत्येक काडी आपलं हार्मोन स्वतःच बनवत असते. काही झाडांत ते पुरतं, काहींत पुरत नाही. न पुरणाऱ्यांना आपण बाहेरून देतो, एवढाच या डब्याचा अर्थ.

झाडात नैसर्गिकपणे मुख्यतः आयएए नावाचं ऑक्सिन असतं, पण ते उजेडाने आणि झाडातल्या विकरांनी लवकर मोडतं. आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड, जास्त टिकतं. झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन इन्स्टिट्यूटमध्ये ते मुळांसाठी किती प्रभावी आहे हे दाखवलं, तेव्हापासून जगभरच्या रोपवाटिका तेच वापरतात. दुकानातल्या पावडरीत बहुधा हेच असतं, शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेलं. डब्यावर टक्केवारी लिहिलेली असते ती वाचून घ्या. ०.१ टक्का म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग), ०.३ टक्के म्हणजे ३०००. कोवळ्या काडीला पहिलं, जून काडीला दुसरं.

आणि यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते: काडीवर वरचं एखाद-दुसरं पान ठेवा. सगळी पानं ओरबाडलेल्या हिरव्या काडीकडे ऑक्सिनही नसतं आणि साखरही नसते. पान मोठं असेल तर कात्रीने अर्धं करा, म्हणजे पाणी कमी उडेल.

चिंगी

अनघाताई, पान ठेवायचं हे मला अगदी नवीन. आमचा माळी सगळं सोलून टाकतो.

काडीमास्तर

चिंगीताई, माळी चुकत नसेल. पानगळ झालेली, वर्षभराची जून काडी असेल, द्राक्ष किंवा अंजिराची, तर पान नकोच. तिच्या डोळ्यात आणि लाकडात साठा असतो. अनघा मॅडम म्हणतात ते हिरव्या आणि अर्धजून काडीला.

अनघा जे

बरोबर, मास्तर. हा फरक लिहायचा राहिला होता.

उसाचा फड

कोल्हापूरकडचा आहे. आमच्या उसाच्या टिपरीला कोण हार्मोन लावतंय? दोन डोळ्यांचं बेणं सरीत टाकायचं, पाणी द्यायचं, मुळ्या आपोआप.

अनघा जे

फड, उसाचं उदाहरण छान आहे. उसाच्या पेराजवळ बारीक ठिपक्यांचा एक पट्टा दिसतो बघा. ते ठिपके म्हणजे आधीच तयार असलेली मुळांची बीजं. ओल मिळाली की ती बाहेर पडतात. वाळुंजाच्या झाडातही फांदीत अशी मुळं दडलेली असतात. ज्या झाडात ही तयारी आधीच असते तिथे हार्मोनला कामच उरत नाही. बोगनवेलीत तशी तयारी नसते, सगळं कापल्यावर सुरू होतं, म्हणून तिला वेळ लागतो आणि म्हणून तिला मदत उपयोगी पडते.

देवरुखकर

कोकणात कुंपणाला गिरीपुष्पाचे दांडे ठोकतात. पहिल्या पावसात पालवी. तिथेही डब्याचं काम नाही.

स्नेहल एडमंटन

वाळुंजाचा विषय निघाला म्हणून. इथे कॅनडात बागवाले लोक विलोच्या, म्हणजे वाळुंजाच्याच जातीच्या झाडाच्या, कोवळ्या फांद्या पाण्यात भिजवून ते पाणी काड्यांना देतात. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, थोडं ऑक्सिनही असतं म्हणतात. मी जास्वंद आणि कढीपत्ता घरात ठेवते, इथे थंडीत बाहेर काही टिकत नाही. माझ्या अनुभवात पाण्यापेक्षा कुंडीखालच्या गरम चटईने जास्त फरक पडला. मुळांना खालून २०-२५ अंशांची ऊब मिळाली की काडी चालायला लागते. खिडकीत वर ऊन आणि खाली गारठा असेल तर वर पालवी फुटते आणि खाली काहीच नाही, मग ती पालवीही सुकते.

आजीची बाग

पाहिलंत, झाडाचंच पाणी झाडाला. मग मधाला का नावं ठेवता?

अनघा जे

आजी, मधाला नावं नाही ठेवत. मधाने आणि दालचिनीने बुरशी थोडी आवरते, पण मुळं फुटायला पेशींना जी खूण लागते ती त्यात नाही. आपल्या जास्वंदीला बाहेरून खूण लागतच नाही, म्हणून मधाने तिचं छान चालतं. बोगनवेलीवर तसं चालेलच असं नाही. कोरफडीच्या गराचं मी वेगळं सांगेन: काडी ओली राहते, तेवढा फायदा. पण गर जास्त झाला तर उन्हाळ्यात तोच कुजतो.

आणि कुणी नारळपाणी सुचवणार असेल तर आधीच सांगते. नारळपाण्यात सायटोकायनिन नावाचं दुसरं संप्रेरक भरपूर असतं. १९४१ साली धोतऱ्याचे गर्भ काचेच्या भांड्यात वाढवायला नारळपाणी वापरलं गेलं आणि तेव्हापासून ऊतिसंवर्धनात त्याला मान आहे. पण सायटोकायनिन कोंब फोडतं. मुळांच्या बाबतीत ते बहुतेकदा आडच येतं.

गोंयची अबोली

अरेरे, मी नारळपाणीच लिहायला आले होते! आमच्याकडे नारळ काय कमी. ते पिऊनच टाकते आता.

पण एक सांगते. अबोलीची काडी पावसात सहज धरते, काही लावावं लागत नाही. मिरीची वेल मात्र आम्ही दोन-तीन पेरांची काडी करून लावतो, आणि रोपवाटिकेतून आणलेल्या मिरीच्या काड्यांना ते लोक हार्मोन लावतात. घरी बुंध्याजवळून सरपटणारा धावता फुटवा घेतला तर त्याला पेरावरच बारीक मुळ्या असतात. वर फळणाऱ्या आडव्या फांदीची काडी घेतली तर ती वेल वर चढत नाही, तिचं झुडूप होतं. काडी कुठून घेतली हे फार महत्त्वाचं.

मृद्गंध

केवढं मिळालं एका दिवसात! सगळ्यांचे आभार. अनघाताई, मग जास्त लावलं तर जास्त मुळं का? ग्रुपवरच्या एका काकांचं म्हणणं आहे "भरपूर चोळा".

अनघा जे

अजिबात नको. काकांना सांगा, शेतात रुंद पानांचं तण मारायला जे २,४-डी फवारतात तेही कृत्रिम ऑक्सिनच आहे. ऑक्सिनचा अतिरेक झाला की झाड मरतं, आणि तणनाशक त्याच अतिरेकावर चालतं. काडीला जास्त आयबीए बसलं तर बुडखा काळा पडतो, पानं पिवळी होऊन गळतात, कधी मुळं येतात पण डोळे फुटतच नाहीत. स्वयंपाकातल्या मिठासारखं आहे, बेताचंच लागतं.

काडीमास्तर

मॅडमना दुजोरा. आणखी एक. पावडर लावल्यावर काडी झटका, जास्तीची पडू द्या. कुंडीत काडी तशीच खुपसली तर पावडर वरच्या वर पुसली जाते. आधी पेन्सिलीनं भोक पाडा, मग काडी ठेवा, मग बाजूची माती दाबा. आणि डब्यात काडी कधी बुडवायची नाही. लागेल तेवढी कागदावर काढा, उरलेली फेकून द्या. ओली काडी डब्यात गेली की सगळा डबा खराब होतो, शिवाय एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागतो. डबा थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी. तारीख उलटून गेलेली पावडर स्वस्तात मिळते, तिच्या नादी लागू नका.

प्रश्नचिन्ह

मास्तर, तुम्ही पावडर वापरता की द्रावण? ते पीपीएमचं गणित समजावाल का? घरी करता येईल?

काडीमास्तर

आम्ही द्रावणात बुडवतो. पाच सेकंद, काढायची, लावायची. एका वेळी मूठभर काड्या होतात आणि सगळ्यांना सारखं बसतं.

गणित सोपं आहे. एक लिटरला एक ग्रॅम म्हणजे १००० पीपीएम. पण आयबीए साध्या पाण्यात विरघळत नाही, गुठळ्या होतात. आधी अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, मग पाणी. घरी ०.२ ग्रॅम मोजायचा काटा कुणाकडं नसतो, म्हणून असं करा: एक ग्रॅम आयबीए शंभर मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा. हे झालं १०,००० पीपीएमचं मूळ द्रावण. गडद बाटलीत, फ्रिजमध्ये, मुलांच्या हाताला येणार नाही असं. लागेल तेव्हा २० मिली मूळ द्रावण, ३० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी मिसळलं की २००० पीपीएम. १००० पाहिजे तर १० मिली मूळ द्रावण, ४० मिली अल्कोहोल, ५० मिली पाणी.

अर्ध अल्कोहोल आहे हे ध्यानात ठेवा. काडी त्यात सोडून चहा प्यायला जायचं नाही, बुडखा भाजतो. पाच सेकंद म्हणजे पाचच.

अनघा जे

मास्तरांचं प्रमाण अचूक आहे. कोवळ्या हिरव्या काडीला ५०० ते १०००, अर्धजून काडीला १००० ते ३०००, जून लाकडाला त्याच्याही वर जावं लागतं. एकाच पीपीएमला पावडर द्रावणापेक्षा सौम्य पडते, कारण ती वरच राहते, आत कमी शिरते. हातमोजे घाला आणि पावडर नाकात जाऊ देऊ नका.

बंड्या नाना

हे वाचून बायको म्हणाली, फ्रिजमध्ये आता कैरीचं लोणचं, विरजण आणि मूळ द्रावण. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा रे बाबांनो!

काडीमास्तर

नाना, वहिनी बरोबर बोलल्या. चिठ्ठी लावल्याशिवाय ठेवायचीच नाही.

विदर्भवासी

आमच्या नागपुरात मे महिन्यात काडी लावायची म्हणजे काडी भाजायची. संत्र्याला तर छाट कलम, म्हणजे काडी लावणं, कुणी करतच नाही, जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे कळी बसवतात. जून अर्धा सरेपर्यंत थांबा, हवेत दमटपणा येऊ द्या. हार्मोन कितीही चांगलं असलं तरी पान सुकलं की खेळ संपला. दोन लिटरची पारदर्शक बाटली बुडाकडून कापून काडीवर पालथी घाला, झाकण काढून ठेवा, सावलीत. मुंबईत जुलैत तीही गरज नाही.

मृद्गंध

आम्ही माती, शेणखत, वाळू असं मिश्रण करणार होतो. चालेल?

काडीमास्तर

शेणखत बिलकुल नको, ताई. मुळ्याच नाहीत त्या काडीला खताचा काय उपयोग, नुसती कुजते. धुतलेली वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं. कोकोपीट दोन-तीनदा पाण्यातून काढा, त्यात खार असतो. मुळ्या धरल्यावर पिशवी बदलताना खत.

काडी पेराच्या जरा खाली कापा, धारदार कात्रीनं. खाली तिरका काप, वर सरळ. म्हणजे उलटी लागत नाही.

देवरुखकर

मृद्गंध, तुम्ही "चाफा" लिहिलंय. कुठला? देवचाफा की सोनचाफा? दोघांचा रस्ता वेगळा.

मृद्गंध

पांढरा, मध्ये पिवळा, चीक येतो तो. देवचाफा.

देवरुखकर

मग पाऊस पडायच्या आत आजच फांदी कापा. हातभर, अंगठ्याएवढी जाड. आठवडाभर सावलीत आडवी टाका, चीक वाळून तोंड बंद होऊ दे. मग जवळजवळ कोरड्या वाळूत उभी करा. त्याला हार्मोन नको. पाणी जास्त झालं की तो कुजतो, त्याला तेवढीच भीती. सोनचाफा असता तर काडी विसरा म्हटलं असतं, त्याचं कलमच आणावं लागतं.

चिंगी

आंब्याबद्दल कुणीच बोललं नाही. त्याचं काय? पार्किंगखाली जाणार का तो?

देवरुखकर

आंब्यावर येणारच होतो, चिंगी. जुन्या आंब्याची काडी मुळं धरत नाही, कितीही संजीवक लावा. झाड जितकं वयस्क तितकी त्याची मुळं फोडायची ताकद कमी, आंब्यात तर फारच. पण आंबा वाचवायचा दुसरा मार्ग आहे, कोय कलम. आमच्याकडे रत्नागिरीत हापूसची लाखो रोपं अशीच होतात.

आत्ता जे आंबे खाताय त्यांच्या ताज्या कोयी पिशव्यांत लावा, वाळू देऊ नका. त्या रुजून पंधरा-वीस दिवसांची, तांबूस पानांची रोपं झाली की तीच खुंट. तुमच्या झाडाची तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगलेली काडी निवडा. कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं काढा, देठ तेवढे ठेवा. मग कापून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि पाचर पद्धतीने रोपावर बसवा, वर प्लास्टिकची पट्टी घट्ट. जून ते ऑगस्ट हाच काळ. हे हात बसलेल्या माणसाकडून करून घ्या. जवळच्या रोपवाटिकेत काड्या नेऊन दिल्या तर ते बांधून देतात. ते झाड अगदी तुमच्याच रायवळाच्या चवीचं होईल.

अनघा जे

आणि झाड उभं असताना त्याच्या तोडीबद्दल वेळेत विचारणा करा. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडे जतन करण्याचा कायदा आहे, तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. नकाशात पार्किंग दाखवलं म्हणून झाड आपोआप जात नाही. सोसायटीने आत्ता लेखी मागणी केली तर एखादं झाड आराखड्यात राहूही शकतं. इमारती पाडताना बागेकडे कुणी पाहत नाही, म्हणून तुमचा हा धागा मला फार मोलाचा वाटतो.

मृद्गंध

अनघाताई, परवानगीचं आमच्या लक्षातच नव्हतं आलं. उद्याच सेक्रेटरींना पत्र देते. आंब्याच्या कोयी आजच धुऊन ठेवल्या.

डाळिंब राहिलं. फळ गोड आहे, पण अलीकडे फळांवर काळे तेलकट डाग पडतात. त्याची काडी घेऊ ना?

काडीमास्तर

थांबा. तेलकट डाग, मधे भेगा असतील तर तो तेल्या आहे. तेल्या जिवाणूचा रोग आहे आणि तो काडीबरोबर, गुटीबरोबर जातो. सोलापूर, सांगली, नाशिक, सगळीकडं रोगट गुट्यांमधून तो गावोगाव पोचला. बागाच्या बागा काढून टाकल्या शेतकऱ्यांनी. त्यात मर रोग आला तर आणखी वाईट. आता कितीतरी जण त्यासाठीच ऊतिसंवर्धित रोपं घेतात.

हार्मोन रोगट काडीलाही मुळ्या फोडून देतं, निरोगी करत नाही. तुमच्या भाड्याच्या घराशेजारी कुणाची डाळिंबाची बाग असली तर? काडी घेऊ नका. त्या डाळिंबाचं पान आणि फळ जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, मग ठरवा. डाळिंबाचं संशोधन केंद्र सोलापूरलाच आहे, त्यांची माहितीही मिळते.

आजीची बाग

मास्तर, हे मात्र लाखमोलाचं बोललात. काडी मागायला येणाऱ्याला मी कधी नाही म्हणत नाही, पण झाड आजारी असलं तर द्यायची नाही हे आता पाळीन.

गोंयची अबोली

बोगनवेलीला गुटी बांधता येईल का? काडीपेक्षा बरी?

काडीमास्तर

येते की. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, आतला बुळबुळीत थर खरवडायचा, नाहीतर साल पुन्हा जुळते. वरच्या कडेला आयबीएचा लेप, ओलं शेवाळ, वरून प्लास्टिक, दोन्ही टोकं घट्ट. मुळी वरच्याच कडेला येते, कारण वरून येणारं सगळं तिथं अडतं, मॅडमनी सांगितलं तसं. दीड-दोन महिन्यात पांढऱ्या मुळ्या प्लास्टिकमधून दिसतात.

पण घरी बोगनवेलीला काडीच सोपी. पावसाळ्यात अर्धजून काडी, २००० पीपीएम, आणि मुळ्या आल्यावर पिशवी बदलायची घाई नको. बोगनवेलीची मुळी फार ठिसूळ असते. माती सुटली की मुळ्या तुटतात आणि चांगली धरलेली काडी मरते. पिशवी कापून अख्खा गोळाच कुंडीत ठेवा.

चिंगी

कढीपत्ता?

स्नेहल एडमंटन

चिंगी, कढीपत्त्याची काडी हट्टी असते. बुंध्याजवळ जमिनीतून जे फुटवे येतात ते मुळासकट वेगळे काढा, नाहीतर पिकलेली काळी फळं मिळाली की गर काढून लगेच पेरा. बी वाळलं की उगवत नाही. मी भारतातून परतताना बी आणत नाही, इथल्याच एका मराठी कुटुंबाकडून फुटवा घेतला.

मृद्गंध

ग्रुपवर पाठवायला यादी केली, चुकत असेल तर सांगा.

देवचाफा आजच कापायचा, काही लावायचं नाही. जास्वंद, कृष्णकमळ नुसत्या काड्या, हव्या तितक्या. मोगरा आणि जुई दोन्ही दाबून, आजींच्या पद्धतीने, शिवाय मोगऱ्याच्या थोड्या काड्या १००० पीपीएमला. बोगनवेल २००० ला. कढीपत्त्याचे फुटवे. आंबा कोय कलमाने. डाळिंब थांबवलं. गुलाबाचं मात्र ठरलं नाही.

अनघा जे

यादी उत्तम. गुलाब गावठी असतील, सुवासिक, गुच्छात येणारे, तर काडीनेच होतात, १००० ला बुडवा. मोठ्या फुलांचे, विकत आणलेले असतील तर ते मुळात दुसऱ्या खुंटावर डोळा भरलेले असतात. त्यांची काडी धरलीच तरी स्वतःच्या मुळांवर झाड बरेचदा अशक्त राहतं. लावून पाहा, पण त्यांच्यासाठी जागा अडवू नका. आणि खुंटाकडून, म्हणजे डोळ्याच्या जोडाखालून आलेली फांदी चुकूनही घेऊ नका, वेगळंच जंगली फूल येईल.

काडीमास्तर

यादीत भर: प्रत्येक पिशवीवर झाडाचं नाव आणि तारीख, पेन्सिलीनं. पेनाची शाई पावसात जाते. आणि पालवी फुटली म्हणजे मुळी आली असं समजू नका. काडीतल्या साठ्यावर पालवी आधी फुटते. काडी हलकेच ओढून बघा, अडली तर मुळी आहे. बुडाशी नुसती पांढरी गाठ धरली असेल तर ती मुळी नाही, परत लावा, अजून थांबा.

चिंगी

मृद्गंध, त्या बोगनवेलीची एक पिशवी ठाण्याला. मी येऊन घेऊन जाईन.

मृद्गंध

ठेवली तुझ्या नावाची. गणपतीनंतर ये, तोवर मुळी धरेल.

प्रश्नचिन्ह

शेवटचा प्रश्न. आयसोप्रोपिल मिळालं नाही तर नेलपॉलिश रिमूव्हर चालेल का? तोही उडून जातो.

अनघा जे

नाही, त्यात बहुधा ॲसिटोन असतं आणि वर सुगंध, रंग, तेलं. केमिस्टकडे आयसोप्रोपिल मागा. नाहीच मिळालं तर सरळ ०.१ टक्क्याची पावडर घ्या, घरच्या पाच-पन्नास काड्यांना ती पुरते.